मामांची थ्री-एटीन

काडतुसांवर जन्मभर इतकं बोलून एक चिमणीसुद्धा न मारलेला माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय सगळ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. शिकारीवर बंदी आली तेव्हा ते शाळेत होते, आणि बंदी आली नसती तरी त्यांच्या हातून काही मेलं असतं असं नाही. घरात झुरळ निघालं तरी ते कागदावर घेऊन अलगद अंगणात सोडतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते पुंडलिकनगरात राहतात, पण मनानं त्यांचा मुक्काम कायम बंदुकीच्या नळीपाशी. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार, शेती, पत्रिका हे सगळं बाजूला सारून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "थ्री-एटीन ठाऊक हाय का?" मी भीत भीत म्हणालो, "बसचा नंबर का?" मामांनी डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्या हसण्याशीच पुढे माझं लग्न झालं.

थ्री-एटीन म्हणजे तीनशे अठरा नंबरचं काडतूस. ते ज्या रायफलीत बसतं, ती मामांच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, निजामाच्या काळात एका जहागीरदारानं खूश होऊन दिली होती. रानडुकरं पिकात शिरली की अण्णा ही रायफल बाहेर काढत. मामा मोठे होईपर्यंत जवळची काडतुसं संपली, नवी कुणी बनवेना, आणि अण्णांमागे रायफल मामांकडे आली ती मुकीच. मामांनी उभ्या हयातीत तिला तेल दिलं, फडक्यानं पुसलं, परवाना वेळच्या वेळी नवा केला. पण त्यांच्या हातात ती कधी वाजली नाही. आणि जी वाजली नाही तिच्यासारखी रायफल दुसरी नाही, यावर त्यांची अढळ श्रद्धा. "गोळी अशी जाती, जशी रेघ ओढली. अन् धक्का? लोण्यासारखा!"

मग एवढं गुणी काडतूस मागं का पडलं? या दुःखातूनच मामांचं शास्त्र जन्माला आलं. हळदीच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही ते सुरू होई. "जावईबापू, काडतूस चांगलं हाय म्हणून खपत नाय. फौजेनं उचललं की खपतं. जवान सुट्टीवर घरी येतो, त्याला तेच ठाऊक, तो तेच मागतो. एकानं मागितलं म्हणून दुकानदार ठेवतो, दुकानात हाय म्हणून दुसरा घेतो, दुसऱ्यानं घेतलं म्हणून तिसरा म्हणतो, लई भारी असणार!" आपल्याकडे जिकडेतिकडे दिसणाऱ्या थ्री-फिफ्टीन काडतुसावर तर त्यांचा विशेष राग. "इंग्रजानं फौजेचं काडतूस रयतेला बंद केलं, म्हणून हे आलं. दुसरं काय मिळतच नाय म्हटल्यावर आवडंलच की! त्याला काय आवड म्हणत्यात व्हय? आता आमचंच घ्या, त्या काळी पावण्यांत एकच मुलगी..."

"बोला ना पुढं," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या. मामांनी घाईनं रायफल पुसायला घेतली.

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत बंदुकांचं जुनं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या चाचांना मामांची स्कूटर लांबून ओळखू येई. "मामू, तीनसो अठरा अब किधर मिलती? तीनसो पंद्रा ले जाओ. तीन नंबर का तो फरक है!" यावर मामा भडकून म्हणाले, "तीनच घरं सोडून राहणाऱ्या बाईसंगं तुमचा निकाह लावला असता तर चाललं असतं का, चाचा?" चाचांनी क्षणभर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "हौ, चलता था."

निवडणूक आली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. मामा ती मामींच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून नेत आणि दर दोन-चार दिवसांनी चौकशीला जात. दमट तर नाही ना जागा? आडवी तर नाही ना ठेवली? शेवटी तिथले हवालदार हात जोडून म्हणाले, "मामा, आम्ही हितं बंदूक ठिवलीय, बाळंतीण नाय."

मागच्या थंडीत चाचांचाच फोन आला. हैदराबादच्या एका दुकानात तीनशे अठराचं एक जुनं पाकीट निघालं होतं. मामा परवाना घेऊन स्वतः गेले आणि परतले ते काशी करून आल्यासारखे. कारागिराकडून रायफल तपासून घेतली. शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर सकाळची परवानगी काढली. मामी डब्यात धपाटे घेऊन आल्या, चाचा अत्तर लावून आले, आणि मी मामांना सावरायला म्हणून मागे उभा राहिलो.

मामांनी दस्ता खांद्याला लावला. चाप ओढला. नुसतं टक् झालं. रेंजच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, उशिरा उडालं तर म्हणून, नळी समोरच धरून ते थांबले. पहिलं काडतूस मेलेलंच निघालं. "जुनं हाय," मामा पुटपुटले, "मान्य हाय," आणि त्यांनी दुसरं भरलं.

ते वाजलं. असं वाजलं की बाभळीवरचे सगळे पक्षी उडाले, चाचांच्या तोंडून अल्ला निघाला आणि मामा चार पावलं मागे येऊन माझ्या अंगावर आदळले. चष्मा एका कानाला लोंबत होता. निशाणाच्या कागदाला काहीही झालं नव्हतं. मामींनी धावत येऊन विचारलं, "लागलं का?" मामा खांदा धरून, डोळे विस्फारून म्हणाले, "अगं, ही लाथ मारती! म्हणून खपली नाय व्हय ही!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता मामा खालीच बसले. उरलेली काडतुसं त्यांनी भरली नाहीत. रेंजच्या साहेबांनी पॉइंट टू-टूची हलकी रायफल पुढं केली. जिला मामा आजवर टिकल्यांचं पिस्तूल म्हणत आले होते, ती. ना धक्का, ना धाक. ऊन चढेपर्यंत मामा तिनं कागदाला भोकं पाडत बसले. मामींनीही एक गोळी झाडली. "बायकामुलांनाबी जमती," मामा हळूच म्हणाले, "मग खपणार नाय तर काय हुईल?"

संध्याकाळी आम्ही पुंडलिकनगरात पोचलो तेव्हा त्यांचा खांदा निळा पडला होता. मामी तेल कोमट करून घेऊन आल्या आणि चोळू लागल्या. मामा आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाले, "आई अशीच अण्णांच्या खांद्याला तेल लावायची. मला वाटायचं, नांगर धरून दुखतोय."

मामींचा हात जरा थांबला.

"कधी बोलले नायत गं ते," मामा म्हणाले. "आम्हाला तर सांगायचे, लोण्यासारखा धक्का."