पाठमोरी मिनी

“पोरीले चेहराच नाही वं. अर्धवट ठेवून गेली बिचारी,” मामी शेजारच्या बाईंना दारात सांगत होती. मी आत चहाचे कप विसळत होते. कुसुममावशीला जाऊन तीन दिवस झाले होते आणि खापरखेड्याच्या तिच्या एका खोलीतल्या चित्रांचं काय करायचं ते ठरत होतं. शेवटचं चित्र हातात धरून मामा म्हणाले, “इतवारी बाजारात फोटो रंगवणारा पेंटर आहे, त्याच्याकडून पुरं करून घेऊ. मिनीचा फोटो नाही, पण तुझा शाळेतला लहानपणचा आहे ना? सारख्याच तर दिसत होत्या दोघी.” मी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी फोटो नेऊनही दिला…

मिनी मावशीची एकुलती मुलगी. सात वर्षांची असताना तापानं गेली. मावसाजी त्याआधीच गेले होते. मावशी बालवाडीत शिकवायची आणि मिनी गेल्यावरही तिच्या दर वाढदिवसाला तिचं एक चित्र काढायची. जवळच्या वीजकेंद्रातली कोळशाची राख रोज खिडकीत साचायची. ती डिंकाच्या पाण्यात कालवून मावशी मिनीच्या फ्रॉकचा करडा रंग करायची. मिनी कायम पाठमोरी, दोन वेण्या, लाल रिबिनी, दर वर्षी थोडी उंच. मी सुट्टीत तिथे जायचे. माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की रागवायचे, घरी माझ्या मराठीला हसायचे, म्हणून मी बहुतेक गप्पच. “तोंड कोणाले उसनं देऊन आली का वं?” असं म्हणून मावशी माझ्या हातात ब्रश द्यायची. एकदा मी धीर करून विचारलं, हिचा चेहरा का नाही काढत? मावशी रिबिनीचा लाल रंग घोटत राहिली.

“मले तिचा तापातलाच चेहरा दिसते. पाठ मात्र चांगली ध्यानात आहे, रोज वेण्या घालत होती ना मी. तिले वळाचं तवा वळंल. मी घाई नाही करून राहिली.”

शेवटच्या चित्रात मिनीचा कान आला होता आणि गालाची कड. “पाहिलं का, वळून राहिली,” मावशी हसून म्हणाली होती. इतक्या वर्षांत ती मिनीचं नाव घेऊन हसलेली मी तेव्हाच पाहिली.

हे सगळं ठाऊक असून मी फोटो दिला.

तेरवीला चित्र हार घालून टांगलं होतं. मान पिरगाळून पुढे आणल्यासारखा चेहरा, तेलरंगानं चकाकणारा. गुलाबी गाल, काजळ, कानात सोन्याचे डूल. बायका म्हणाल्या, जशीच्या तशी मिनी. मी बुंदी वाढत होते. किळस त्या पेंटरची आली, मामांची आली, सगळ्यात जास्त माझ्या हललेल्या मानेची.

आता ते चित्र मामांच्या बैठकीत आहे, वर छोटा दिवा लावून. गेल्या रविवारी पाहुणे आले होते. मामा कौतुकानं दाखवत होते, “आमच्या कुसुमचा हात पाहा. चेहऱ्यात कसा जीव ओतला तिनं.” पाहुणे माना डोलवत होते. मी ट्रे खाली ठेवला.

“तो चेहरा माझा आहे, मामा. मावशीनं नाही काढला. मिनी अजून वळायची होती.”