धुळ्यात स्टेपनीला कुंकू

उन्हाळ्याच्या दुपारी दादा ओट्यावर सागाचा तुकडा तासत बसायचा. शेजारी मी शेंगा फोडायचे आणि त्याचं विलायती मोटारींचं मासिक वाचून त्याला मराठीत सांगायचे. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा एवढाच उपयोग, असं आई म्हणे. दादा, माझा थोरला भाऊ, जळगावात ड्रॉइंग मास्तर होता आणि एका इंग्लिश गाडीच्या प्रेमात होता: जेमतेम कमरेइतकी उंच, वजनाला हलकी, इंजिन सीटच्या मागे. "म्हणजे गाडीच्या पोटात," मी समजावलं. पहिल्या मॉडेलच्या काचा उघडतच नसत. दुसऱ्यात त्या बटणाने उतरू लागल्या. तिसऱ्यात मागच्या उंच भिंती छाटल्या, तेव्हा कुठे चालवणाऱ्याला मागचं नीट दिसू लागलं. दादाने तिन्ही लाकडात कोरल्या. खरी मात्र कधी पाहिली नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एका मे महिन्यात, धुळ्याहून निरोप आला. माझी वर्गमैत्रीण सुशीला तिथल्या मारवाडी तेलव्यापाऱ्यांची सून. तिच्या दिराने, किशोरने, मुंबईहून तीच गाडी जुनी विकत घेतली होती. दादाचं एकच म्हणणं, "एकदा आत बसायला मिळालं पाहिजे."

पहाटेची एसटी धरली. तुम्हीही सकाळीच निघा. एरंडोलपर्यंत खिडकीतला वारा हवासा वाटतो, पारोळ्यानंतर तोच भट्टीतून आल्यासारखा. धुळ्यात स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. एका प्लेटीत दोघांचं भागतं, पण रुमाल हाताशी ठेवा.

पोचलो तर गल्ली भरलेली. सुशीलाच्या सासूबाई, सगळ्यांच्या काकीसा, ताट घेऊन उभ्या. इंजिनाची पूजा झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही, हा त्या घरचा नियम. किशोरने सवयीने पुढचं झाकण उघडलं, काकीसांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला.

दादा माझ्या कानात म्हणाला, "अगं, ती स्टेपनी आहे!"

"मग सांग ना."

"सांगितलं तर बसू देतील का?"

शेवटी मीच ओरडले, "काकीसा, इंजिन मागे आहे!"

"बठ्ठी पूजा वाया गयी!" सगळी पूजा वाया गेली, असं गल्लीतून कुणीतरी अहिराणीत म्हणालं आणि हशा उसळला.

काकीसा मुलाकडे वळल्या. "किशोर, गाडी घेतलीस की टायर?"

दादाने पुढे होऊन सीटमागचं झाकण उघडलं. काकीसांनी वाकून पाहिलं, पुन्हा कुंकू लावलं, दुसरा नारळ मागवला. मग म्हणाल्या, "मास्टर, पहिले तुम्ही बसा."

आग्रा रोडला एक चक्कर मारून किशोर आणि दादा परत आले, ते कुकरमधून काढल्यासारखे.

"कशी आहे रे?" मी विचारलं.

"काचा उघडत नाहीत!" घामाने निथळत दादा हसला. "पहिलं मॉडेल! तू वाचलं होतंस अगदी तसंच!"

परतताना जळगाव येईपर्यंत तो हेच सांगत होता.

आता दादा नाही. तिन्ही गाड्या माझ्या शोकेसमध्ये आहेत. घरचेही हे वाचतात, म्हणून इथेच सांगून ठेवते. पहिली सुशीलाला द्या. काचा उतरणारी माझ्या मुलाला, त्याला एसीशिवाय जमत नाही. तिसरी, मागचं नीट दिसणारी, मी आहे तोवर माझ्याकडेच राहू दे; नंतर दादाच्या मुलीला. आणि दसऱ्याला कुंकू सीटच्या मागे लावायचं.