फुटपट्टी ठेवून मारलेली रेघ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, तेव्हाही नाही. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लिहिते आहे. अडखळले तर चालेल ना?

मी सोलापुरात समुपदेशन करते. लहानपणी पोलिओ झाला; उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी आधार, आहे. इतरांबरोबर अपंग स्त्रियाही माझ्याकडे येतात, मला आपल्यातली समजून मोकळ्या होतात.

सात वर्षांपूर्वी मैंदर्गीहून महादेवी आली. ट्रॅक्टरवरून पडून कमरेखालचे बळ गेलेले, वय अवघे सव्वीस. आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो — लैंगिक जीवन. व्हीलचेअरवरून वाकून तिने तो वाचला.

"अक्का, हितं रेघ का मारलीय?"

तूर्त आवश्यक नाही, असे काहीसे मी पुटपुटले.

"तुमच्या बी फॉर्मवर रेघच हाय व्हय?"

मी 'हो' म्हणाले. वर असेही म्हणाले, की कामात मन गुंतवले म्हणजे हे सारे निवते. ती मान हलवून गेली — आणि पुन्हा आली नाही.

खरे काय होते? त्याच दिवसांत एक माणूस रात्री माझ्या कॅलिपरचे पट्टे सोडत असे. मी सुखात होते.

गेल्या हिवाळ्यात अपंग स्त्रियांच्या मेळाव्यात, शरीराच्या इच्छेविषयी बोलताना, मी त्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेत महादेवी होती.

"म्हंजे तवा खोटं बोललाव की, अक्का."

"हो. खोटे बोलले."

"चार वर्सं ती रेघ धरून बसले मी. मग पुसली." शेजारच्या माणसाकडे तिने हनुवटी उडवली. "पुसाया ह्यो हाताशी हुता."

सभागृह हसले, मग एकेक हात वर होऊ लागला. बायका आपापले सांगू लागल्या; वेळ संपली तरी कुणी जागचे हलेना. एवढा मोठा विजय मी आयुष्यात पाहिला नव्हता. सर्वांनी टाळ्या वाजवत मला धीट म्हटले.

पण ते खोटे हा निम्माच अपराध. ती रेघ — महादेवी आत येण्यापूर्वीच मारलेली होती. दर सोमवारी, दवाखान्याच्या चिठ्ठीवरचे केवळ निदान वाचून, अपंगांचे फॉर्म मी वेगळे काढत असे आणि फुटपट्टी ठेवून तेवढा रकाना छेदत असे. इतरांचा नाही. संकोच होता म्हणू? नव्हता. जे मला मिळाले ते मला एकटीलाच मिळाले, असे वाटत राहायला हवे होते — आणि त्यासाठी बाकीच्यांचे रकाने रिकामे लागत होते.

आता सोमवारी शेजारच्या खोलीत महादेवी बायकांचा गट घेते. सुरुवात त्याच रकान्याने होते. भिंतीपलीकडून हसणे ऐकू येते, कधी मराठीत, कधी कानडीत, आणि ते लवकर थांबत नाही.

रेघा मी मारल्या होत्या.