मठात दुसरा भाव नसतो

शहराबाहेरच्या पीण्या गावाच्या पलीकडे, जिथे आज कारखान्यांचे पत्रे चकाकतात, तिथून पुढे तीन-चार कोसांवर एक जुना दगडी मठ आहे. किती जुना, यावर तिथलेच लोक भांडतात. कुणी सहाशे वर्षं म्हणतो, कुणी आठशे. मला एवढंच ठाऊक आहे की त्या मठाच्या जत्रेत पंगतीला लागणारं प्रत्येक पान माझ्या हाताखालून गेलेलं असतं, आणि हे मी कुणालाही ऐकवते.

नव्या कन्नड राज्याची चर्चा घरोघर चालली होती, त्या सुमारास मी पळसाच्या पत्रावळी विकायला लागले. यजमानांची गिरणीतली नोकरी गेली होती. आमचं घराणं पेटेत, म्हणजे शहरातल्या जुन्या बाजारपेठेत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. घरातल्या बायकांनी बाजारात बसायची पद्धत नव्हती. मी बसले. लग्नाच्या छत्रासमोर, म्हणजे कार्यालयासमोर, गठ्ठा मांडून बसले आणि भाव करायला शिकले. पेटेत भाव दुपटीनं सुरू करायचा. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, दोघंही रागावतात, एकजण उठून निघाल्यासारखं करतो, आणि मधे कुठेतरी सौदा होतो. त्यात मला कुणी हरवलं नाही. बाकीच्यांचा राग खोटा असे, माझा खरा होता.

चार वर्षांत गल्लीतल्या सात-आठ बायका माझ्यासाठी पानं टाचायला लागल्या. त्यांच्यावर देखरेख शेजारच्या अक्काची. मग माझी नजर मठावर गेली. त्या मुलखात मठ करील ते गावं करत. तळं मठानं खोदलेलं, शाळा मठाची, सोमवारचा बाजार मठाच्या कमानीपासून सुरू होणारा. कुठलं बियाणं पेरायचं हेसुद्धा मठाच्या शेतात काय पेरलंय ते बघून ठरायचं. जत्रेच्या तीन दिवसांत तिथे येईल त्याला जेवण मिळे. याला ते दासोह म्हणतात. त्या पंगतीत माझी पानं लागली की आसपासच्या गावांची वर्षभराची लग्नं माझी, हा माझा हिशेब. कुणी मागणी केलेली नसताना आम्ही सबंध थंडीभर पत्रावळी टाचल्या. मठानं घेतल्या नाहीत तर उन्हात तडकून त्यांचं जळण होणार होतं.

बैलगाडी भरून अक्का आणि मी पोचलो तेव्हा सकाळ होती. कोठाराच्या ओसरीवर एक म्हातारे बसले होते. त्यांना सगळे अज्जा म्हणत. मठाचं धान्य, गूळ, भांडी, पानं, सगळी खरेदी त्यांच्या हातात. त्यांनी एक पत्रावळ घेतली, उजेडासमोर धरली, काड्या बोटांनी चाचपल्या.

“चांगलं काम आहे. भाव काय, अम्मा?”

मी सवयीनं दुप्पट सांगितला.

अज्जांनी पत्रावळ परत गठ्ठ्यावर ठेवली. “सरी, बरं. जेवून जा,” म्हणाले, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गूळवाल्याकडे वळले.

मला वाटलं, सुरुवात झाली. मी थोडा भाव उतरवला. ते गुळाची ढेप बघत होते. मी आणखी उतरवला. ओसरीवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. अक्कानं माझा पदर ओढला. मी थेट खऱ्या भावावर आले, तेव्हा अज्जांनी मान वर केली.

“म्हणजे पहिला भाव खोटा होता का, अम्मा?”

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ओसरीवर पंधरा-वीस माणसं ऐकत होती. गूळवाला मला हळूच म्हणाला, “इथे दुसरा भाव नसतो, अम्मा. आमच्या आज्यापासून नाही. एकदा सांगायचा. पटला तर घेतात, नाहीतर जेवून जायचं. मग पुढच्या जत्रेलाच यायचं.”

“आधी सांगायला तोंड नव्हतं?” मी म्हणाले.

“आम्हाला वाटलं, माहीत असेल. इथे कुणाला सांगावं लागत नाही.”

मी गाडी फिरवली. पंगत बसत होती, एकजण हात धुवायला पाणी घेऊन आला, मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

“स्वल्प जेवून घेऊ या की,” अक्का म्हणाली. “राग तुला आलाय, भूक मला लागलीय.”

“ज्यानं मला चारचौघांत खोटी म्हटलं त्याचं अन्न मी खाणार नाही.”

“म्हटलं कुठे? विचारलं.”

वाटेतल्या पहिल्या गावात विहिरीवर थांबलो. पाणी शेंदणाऱ्या बाईनं विचारलं, “मठातून आलात? जेवण झालं?” मी नाही म्हणाले. तिनं घागर खाली ठेवली. आम्हाला घरी नेलं, रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि वर आमटीसारखं सारू वाढलं. मठातून कुणी उपाशी आलं तर पहिल्या गावानं वाढायचं, असं ती म्हणाली. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. तिच्या आयुष्यात असं कुणी आलेलं मात्र आम्हीच पहिल्या. अक्का पोटभर जेवली आणि माझ्याकडे बघून हसली. “तुझ्यामुळे गावाला पुण्य मिळालं.”

तिच्या दिराच्या घरी लग्न होतं. तो अंगणात आला, गठ्ठे बघितले, भाव विचारला. माझ्या तोंडावर पुन्हा दुप्पट आला होता. मी तो गिळला आणि खरा भाव सांगितला. तो “सरी” म्हणाला आणि गठ्ठे उतरवायला लागला. एवढंच. पेटेत ज्याला अर्धी सकाळ लागायची ते पाणी प्यायच्या आत झालं. पुढच्या तीन गावांत तसंच. संध्याकाळी पेटेत शिरलो तेव्हा गाडीत थोडे गठ्ठे उरले होते, तेही आठवड्यात खपले. मी रागानं धुमसत होते, पण आंधळी नव्हते. त्या मुलखात मठाचा शब्द भिंतींच्या बाहेर कोसच्या कोस चालत होता आणि त्याच्यावर धंदा होत होता. घरी येऊन मी दाराशी पाटी लावली: भाव एकच. पेटेतले व्यापारी हसले. “तू? एकच भाव?” दोन वर्षांनी त्यातल्या दोघांनी तशीच पाटी लावली.

पुढच्या जत्रेला मी पुन्हा त्याच ओसरीवर उभी राहिले. अज्जांनी पान उजेडासमोर धरलं. मी भाव सांगितला आणि ओठ मिटले.

“उतरवा,” अज्जा म्हणाले.

सगळे गठ्ठे उतरल्यावर मी म्हणाले, “गेल्या वर्षी तुम्ही मला खोटी म्हणालात.”

“मी विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

“चारचौघांत विचारलंत. नवीन माणसाला बाजूला घेऊन रीत सांगायची असते.”

“इथे बाजूला असं काही नसतं, अम्मा. जेवून जा.”

“नाही.”

त्या दुपारी मी पंगतीच्या टोकाला उभी राहून बघितलं. हजारो माणसं, शेतकरी, शाळेतली मुलं, गाडीवान, सगळ्यांच्या पुढ्यात माझी पानं. वाफाळतं सारू पडत होतं आणि एका पानातून थेंब गळत नव्हता. अज्जाही त्याच ओळीत बसले होते. जेवण झाल्यावर त्यांनी पत्रावळ उलटी केली, खालची काडी बघितली, आणि शेजारची जागा हातानं झाडून माझ्याकडे बघितलं.

मी बसले नाही. त्या पहिल्या गावात गेले, विहिरीवरच्या बाईच्या घरी जेवले. मग दर वर्षी तसंच चाललं. अज्जा वारेपर्यंत दर वर्षी त्यांनी जागा झाडली. आता पानं माझा मुलगा पोचवतो. तो तिथे पोटभर जेवतो आणि येऊन मला सांगतो की सारू छान होतं. मी विचारते, पान गळलं का? तो नाही म्हणतो. तेवढं मला पुरतं.