मान वर करून
तव्यावर ज्वारीची भाकर फुगली, की त्या वासानं मला नालवाडीचं आमचं मेथीचं वावर आठवतं. नागपूरच्या श्वान-स्पर्धेसाठी मी आमच्या कुत्र्याला डाव्या पायाशी चिकटून चालायला शिकवत होते आणि तो मान खाली घालून फरफटत यायचा. मेथी उपटता उपटता आई ओरडली, "काऊन ओढून राह्यली त्याले? त्याच्यासंगं हास, बोल!" मग पदरातला भाकरीचा तुकडा दाखवत, त्याच्याशी बडबडत ती स्वतःच धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, पळत सुटली. तो उड्या मारत, तिच्या तोंडाकडे बघत पायाशी चिकटून पळाला. स्पर्धेत नंबर काही आला नाही, पण त्याची मान पुन्हा खाली गेली नाही. आता आई नाही, तोही थकलाय. वावरात नेऊन भाकरीचा तुकडा दाखवला की अजून मान वर करतो, पण माझ्याकडे नाही, धुऱ्याकडे बघतो.