रुमालाखालचा हात

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. काल एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने बोटं दाबता दाबता मध्येच थांबून समोरच्याचा हात नुसता धरून ठेवला. "घाबरू नका पाव्हणं, बैल कुठं पळून चाललाय?" थरथर थांबेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

घासाघिशीत मला कोणी हरवत नाही, पण माझाही हात कापतो. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. लोकांना तो संताप वाटतो. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही धास्ती आहे. श्वास सावकाश सोडत जा.

हे मला दादाने कधीच सांगितलं होतं. रुमालाखालची बोटं शिकवताना माझा कापणारा हात धरून तो म्हणाला होता, "आधी श्वास सोड, मग भाव." पुढे त्यानेच भर बाजारात हसत सांगितलं, "ह्याचा हात कापतो!" ते मी माफ केलेलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

काल तो पलीकडच्या दावणीजवळ एकटाच उभा होता. जाऊन त्याच्यापुढे हात करावा असं फार वाटलं. पाय हलले नाहीत. मग खांद्यावरचा रुमाल काढला, त्याखाली माझाच हात धरला आणि सावकाश श्वास सोडला.