माहेर विचारू नये

आमच्या ऑफिसात येणारे फोन रडवणारे, पण चहाच्या वेळी आम्ही आठवत बसतो ते भलतेच किस्से. किती साठलेत, विचारूच नका!

काम असं: अमेरिकेत नवऱ्याचा मार खाणारी एखादी मराठी बाई तिथल्या मदत केंद्राला फोन करते. इंग्रजीत तिला मन मोकळं करता येत नाही. मग तिथली काउन्सेलर जेनी आम्हाला लाइनवर घेते आणि आम्ही नाशकात गंगापूर रोडवर बसून इकडचं तिकडे करतो. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळ. नियम एकच: समोरचा बोलला तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

आम्हाला सांगतात, पदरचं घालू नका!

*

आमच्या शैलाताई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. एकदा जेनी फोनवरच्या बाईला म्हणाली, "यात तुमची काही चूक नाही." शैलाताईंनी ते सांगितलं. शिवाय तिच्या नवऱ्याला त्याच्या आईने लहानपणीच काय काय द्यायला हवं होतं, तेही सांगितलं.

जेनी म्हणाली, "मी तर एकच वाक्य बोलले!"

"हो, मराठीत जरा लांबतं."

*

सिंधूमावशी मनमाड स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून रिटायर झाल्या. जेनी अगदी हळुवार आवाजात म्हणाली, "हवा तेवढा वेळ घ्या."

मावशी ओरडल्या, "सावकाश सांग गं बाई, गाडी सुटत नाय!"

*

एकदा मात्र घोळ झाला. एक बाई फोन करायची, दोन वाक्यं बोलायची आणि गप्प व्हायची. घर सोडायचंय, पण धीर होत नाही, एवढंच कळलं होतं. शैलाताईंना राहवलं नाही. "बोलण्यावरून निफाडकडची वाटतेस. माहेर कुठलं गं?"

फोन कट!

कट करणारच ना! गावाकडे कळेल या भीतीनेच तर ती इतकी वर्षं तोंड शिवून बसली असणार. मी शैलाताईंवर भयंकर चिडले. त्या बिचाऱ्या त्या दिवशी जेवल्यासुद्धा नाहीत. मी भिंतीवर कागद चिकटवला, 'माहेर विचारू नये.'

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईला विचारताना मी त्यांना पकडलं: "लहानपणी कुठल्या धरणाचं पाणी प्यायचीस?"

*

ती निफाडवाली परत फोन करेल का, याची आम्हा सगळ्यांना काळजी लागली होती. आणि एके सकाळी केला तिने! लाइनवर सिंधूमावशी, स्पीकरला कान लावून मी. ती बोलायला लागणार, तेवढ्यात मागे दार वाजलं आणि नवऱ्याने फोन हिसकावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

जेनीने पटकन आपला माइक बंद केला.

"जावईबापू का? अगं बाई, किती दिसांनी आवाज! मी मनमाडची मावशी," सिंधूमावशी सुटल्याच. "बरं झालं तुम्हीच भेटले. आमच्या नातवानं इंजिनिअरिंग केलंय, त्याला तिकडं कुठंतरी चिकटवा ना! बायोडाटा पाठवू? थांबा, व्हिडिओ कॉल लावते, तो इथंच बसलाय..."

"मला मीटिंग आहे. हिच्याशीच बोला!"

दार आपटलं. मग गाडी सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला.

जेनी कुजबुजली, "काय झालं? आता बोलता येईल का?"

"खुशाल बोला," मावशी म्हणाल्या. "आता तो जेवायलासुद्धा लवकर यायचा नाय."

पलीकडे ती बाई खुदकन हसली. इतक्या फोनांत पहिल्यांदाच. मग म्हणाली, "मावशी, बॅगेत काय काय भरू?"